कै. ताराबाई मोडक : मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्या बाई

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण मुंबईत, ठाण्यात किंवा जुन्या कुलाबा जिल्ह्यात गेले, त्यांना 'बालवाडी' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. येथे आपली नातवंडे 'गन'मध्ये जातात. हिब्रूत गन म्हणजे बाग. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला 'मुलांची बाग' असेच नाव दिले होते, आणि कोकणातल्या माणसाला वाडी म्हटली की नारळी-पोफळीची बागच डोळ्यांपुढे येते. तीन भाषांनी एकाच गोष्टीला एकच नाव द्यावे याची आम्हांला नेहमी गंमत वाटते. परंतु 'अंगणवाडी' हा शब्द मात्र दुसऱ्या कोणाकडून आलेला नाही. तो ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी एका खेड्यात, एका अडचणीतून निघाला. ती अडचण ज्या बाईंनी ओळखली त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र या अंकात थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, म्हणजे त्या काळच्या सुधारक मंडळींपैकी. मुलींनी शिकावे की नाही यावर ज्या काळी घरोघर वाद होत, त्या काळी या घरात तो प्रश्नच नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या वर्षी पदवी घेणाऱ्या मराठी मुली बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही आणि १९२१ साली दोघे कायद्याने विभक्त झाले. पदरी एक लहान मुलगी होती. आज ही गोष्ट वाचताना कोणाला फारसे काही वाटणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी घटस्फोटित बाईने, लेकराला घेऊन, परप्रांतात नोकरीसाठी जाणे म्हणजे काय हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारायला हवे होते. ताराबाई काठेवाडात राजकोटला गेल्या. तेथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका तयार होत. त्या संस्थेच्या त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला होता, हुद्दा मानाचा होता. तरीही दोनेक वर्षांतच त्यांनी ती जागा सोडली, कारण त्या भागात त्यांच्या कानांवर एक निराळेच नाव येत होते.

ते नाव गिजुभाई बधेका यांचे. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःचा मुलगा वाढू लागला तेव्हा त्याला कोणत्या शाळेत घालावे या विचाराने ते बालशिक्षणाकडे वळले आणि मग वकिलीकडे परत फिरलेच नाहीत. भावनगरला नानाभाई भट्टांनी काढलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मोठ्या मिशांचा हा गृहस्थ मुलांत इतका रमे की गुजराती लोक त्यांना 'मिशाळ आई' या अर्थाच्या नावाने ओळखू लागले. ताराबाई १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या.

भावनगरच्या त्या बालमंदिरात छडी नव्हती, परीक्षा नव्हती, पहिला-दुसरा नंबर नव्हता, बक्षीसही नव्हते. शिक्षा नको हे पुष्कळांना पटते. बक्षीसही नको हे पटायला वेळ लागतो. खाऊसाठी वाचणारे मूल खाऊ संपला की वाचणे सोडते, असा साधा हिशेब त्यामागे होता. मादाम माँटेसरींची साधने तेथे होती : खाचांत नेमके बसणारे लाकडी दट्टे, लहानमोठ्या ठोकळ्यांचा मनोरा, बोट फिरवून ओळखायची खरखरीत अक्षरे. या साधनांची खुबी अशी की चूक झाली तर बाईंना सांगावे लागत नाही. जाड दट्टा बारीक खाचेत जातच नाही, मग मूल स्वतःच तो काढते आणि दुसरी खाच शोधते. मात्र गिजुभाई आणि ताराबाई यांनी माँटेसरीबाईंचे सगळेच डोळे मिटून घेतले नाही. मूळ पद्धतीत राजा-राणीच्या, राक्षसांच्या कल्पित गोष्टींना लहान वयात फारसे स्थान नव्हते. भावनगरात गोष्ट, गाणे आणि नाटक हेच मुख्य. ज्या देशात आजी रोज रात्री गोष्ट सांगते तेथे शाळेने गोष्ट टाकून देणे हे त्यांना पटण्यासारखे नव्हते, आणि आम्हांलाही ते योग्यच वाटते.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची 'शिक्षण पत्रिका' आधी गुजरातीत होती, १९३३ पासून ती मराठीतही निघू लागली आणि तिची धुरा ताराबाईंवर आली. मुले हट्ट का करतात, खोटे का बोलतात, जेवताना त्रास का देतात, अशा विषयांवर आईबापांना समजेल अशा भाषेत तीत लिहिलेले असे. आमच्या मातोश्री मुंबईस एका बालवर्गावर शिकवीत. त्या ताराबाईंचा उल्लेख नेहमी नुसता 'बाई' असा करीत आणि घरात कोणी लहान मुलावर हात उगारला की त्यांच्या तोंडी बाईंचे नाव हमखास येई. आम्हांला त्या वेळी या बाई म्हणजे आमच्याच कोणी नात्यातल्या असाव्यात असे वाटे.

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले आणि तेथेच बालशिक्षिका तयार करण्याचेही काम चालविले. मुंबईच्या मध्यम वर्गात त्या कामाचे नाव झाले. तीन वर्षांनी, १९३९ साली, गिजुभाई वारले. त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे पुढे कित्येक वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या वर्गांना देशभरातून शिक्षक जात. तेव्हा त्या पद्धतीची चांगलीच चलती होती आणि ताराबाईंनी ठरविले असते तर दादरच्या शाळेत त्यांचे उरलेले आयुष्य सन्मानाने गेले असते.

पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. माँटेसरीबाईंनी १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले ते रोमच्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत, कामावर गेलेल्या मजुरांच्या मुलांसाठी. तीच पद्धत आपल्या देशात आली ती मात्र पैसेवाल्यांच्या घरी येऊन बसली. सुबक लाकडी साधनांचा पुरता संच घ्यायचा तर खेड्यातल्या शाळेला ते स्वप्नातही परवडणारे नव्हते. गांधीजींच्या वर्ध्याच्या शिक्षणयोजनेत १९३७ साली विचार झाला होता तो सात वर्षांपासून पुढच्या मुलांचा. त्याच्या आधीची जी पहिली पाच-सहा वर्षे, ज्यांत भाषा येते, हात वळतो, भीती बसते किंवा जाते, ती वर्षे खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला आली तशी जात होती. हे काम आपले आहे असे ताराबाईंनी ठरविले तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. आमच्या वयाच्या वाचकांनी या आकड्यावर थोडे थांबावे.

१९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव, चिकूच्या वाड्यांचे. (तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांच्यामुळे तेथे शिक्षणाचे वातावरण आधीच होते. ताराबाईंनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई पस्तिशीतल्या, बालपणीच विधवा झालेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकून मास्तरीण झालेल्या. या दोघींची जोडी पुढे अठ्ठावीस वर्षे टिकली.

आता त्या अडचणीची हकीगत. बोर्डीच्या बालवाडीत गावातल्या बऱ्या घरची मुले येऊ लागली. हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. बोलावले तरी येईनात. आई-बाप पहाटेच कामाला गेलेले, थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, अंगावर धड कपडा नाही, आणि ज्या गावात आजवर लांब उभे राहायला सांगितले गेले त्याच गावाच्या मध्यावर असलेल्या शाळेत शिरायचे कसे ही धास्ती. दुसऱ्या कोणी असते तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही असा शेरा वहीत लिहून मोकळे झाले असते. असे शेरे आम्ही आमच्या नोकरीत दोन्ही देशांत पुष्कळ वाचले आहेत. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका रोज वस्तीवर जाऊ लागल्या आणि कोणाच्या तरी घरापुढच्या सारवलेल्या अंगणात मुले जमवू लागल्या. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

तेथे पहिला धडा अक्षराचा नव्हता. तो पाण्याचा होता. मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, खरूज असेल तर औषध लावायचे. हे मुकाट्याने उरकायचे नाही; गाणे म्हणत, पाणी कसे गार लागते, कोठून येते, किती लोटे लागले हे बोलत बोलत करायचे. यात मोजणे आले, भाषा आली, शरीराची ओळख आली. कोणी म्हणेल, बाहेरून आलेल्या बायांनी गरिबाच्या मुलाला आधी घासून काढावे यात थोडा तोरा नाही काय? शंका रास्त आहे. आम्हांला असे वाटते की तोरा असता तर तो आठ दिवसांत उघडा पडला असता आणि अंगण रिकामे झाले असते. तसे झाले नाही. शेजारच्या बाया हळूहळू आपणच पाणी तापवून ठेवू लागल्या तर त्यात नवल नाही. रोज येणाऱ्या माणसाला घर ओळखू लागते.

साधनांचा प्रश्न ताराबाईंनी ज्या रीतीने सोडविला तो आमच्या मते त्यांच्या बुद्धीचा खरा पुरावा आहे. त्यांनी माँटेसरीचे ठोकळे स्वस्त लाकडात करून घेण्यावर भागविले नाही. त्यांनी आधी विचारले की या ठोकळ्याचे काम काय? मुलाच्या हाताला लहान-मोठे कळावे, क्रम लावता यावा, सारखे-वेगळे निवडता यावे, हे काम. मग ते काम करणाऱ्या वस्तू बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि रानात पडलेल्याच होत्या. शिंपल्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावता येतात. चिंचोके, गुंजा, सागरगोटे निवडता येतात आणि मोजताही येतात. पाने घेतली तर आंब्याचे लांबट, पळसाचे रुंद, चिंचेचे बारीक. आकार शिकवायला आणखी काय पाहिजे? गुळगुळीत गोटा आणि खरबरीत खडक, ओली माती आणि कोरडी वाळू हे हाताला सांगावे लागत नाही. आणि यातली एक मोठी गोष्ट अशी की वस्तू हरवली तर रडू नाही आणि रागावणे नाही. मूल जाऊन दुसरी घेऊन येते. किमती खेळणे कपाटात कुलूप लावून ठेवणाऱ्या बालवर्गांची आम्हांला येथे आठवण येते, पण असो.

हे वाचून कोणाला वाटेल की काम सोपे झाले. तसे नाही, शिक्षिकेचे काम उलट वाढले. दुकानातला संच त्याच्या क्रमासह येतो. शिंपल्यांची टोपली क्रमासह येत नाही. आज कोणत्या मुलापुढे काय ठेवायचे, कोणाला चार शिंपल्या द्यायच्या आणि कोणाला दहा, निवडणे झाल्यावर मोजण्याकडे केव्हा वळायचे, हे बाईंनी मुलाकडे पाहून ठरवायचे असते. म्हणून ताराबाईंचा सगळा भर शिक्षिका तयार करण्यावर होता, आणि पाहायला शिका हा त्या तयारीचा अर्धा भाग होता.

आमच्या कामातील एक अनुभव येथे सांगितल्यास अस्थानी होणार नाही. १९९१ साली इथिओपियातून मोठी आलिया झाली, त्यानंतर आमच्या पहिलीच्या वर्गात त्यांची काही मुले आली. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. ही मुले आठवडेच्या आठवडे एक शब्द बोलत नसत. चित्रांचे तक्ते दाखविले तर तक्त्यावरचे घर त्यांनी पाहिलेले नव्हते, तक्त्यावरचा बर्फ तर आम्हीही फारसा पाहिलेला नव्हता. वरिष्ठांनी त्यांना मागे बसवावे असे सुचविले. आम्हांला मातोश्रींकडून ऐकलेल्या शिंपल्या आठवल्या. आम्ही खरूबाच्या शेंगा, हरभरे, समुद्रावरच्या शिंपल्या आणि निलगिरीची फळे पाटीत घालून वर्गात नेली आणि काही न बोलता जमिनीवर ओतली. तासाभरात हातांनी बोलणे सुरू झाले, आणि तोंडाने बोलणे महिन्याभरात आले. यात आमचे काही नाही. हे बोर्डीचे आहे.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सभासद होत्या. त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही, कारण त्यांचे मन तेथे नव्हते असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले. अंतर फार नाही, पण जग निराळे. भोवती वारल्यांचे पाडे. हा मुलूख सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या वेठीने पिळलेला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली याच भागात वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध उठाव केला होता. ताराबाईंचा मार्ग निराळा होता आणि धिमा होता. कोणाला तो फारच धिमा वाटला असेल. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कोणी विचारले नाही अशा घरातल्या चार वर्षांच्या मुलाला कोणी तरी रोज तुला काय वाटते असे विचारणे, हेही काही लहान काम नव्हे.

कोसबादला बोर्डीचा धडा पुन्हा शिकावा लागला. पाडे दूर दूर, मध्ये ओढे. पाच-सहा वर्षांचे मूल म्हणजे घरातला कामाचा माणूस : मुलगा गुरे-शेळ्या राखणार, मुलगी धाकटे सांभाळणार. शाळेने हट्ट धरला की धाकटे घरी ठेवून या, तर मुलगीही घरीच राहणार. यातून विकासवाडी निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच जागी, एकाच छपराखाली. ताई धाकट्याला कडेवर घेऊन येते, पाळणाघरात ठेवते आणि शेजारीच पाटी घेऊन बसते. तान्हे रडले तर उठून पाहून येते. थोरल्या मुली तान्ह्यांच्या कामात हातभार लावतात आणि मूल कसे वाढते हे पुस्तकाशिवाय शिकतात. शहाण्या खात्यांनी तीन कार्यालयांत वाटलेली गोष्ट या दोन बायांनी एका गरीब मुलीच्या कडेवरून उचलून एकत्र केली.

गुराख्यांसाठी कुरणशाळा. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षक जाणार. गुरे इकडे तिकडे गेली की मुले धावणार, वळवून आणणार, पुन्हा बसणार. जनावरे मोजणे, झाडे ओळखणे, सावलीवरून वेळ सांगणे, हे विषय तेथे आपोआप समोर उभे राहत. दिवसा मजुरीवर जाणाऱ्यांसाठी रात्रशाळा. वेळापत्रक हे भिंतीवर टांगण्यासाठी नसून मुलाच्या दिवसावर बेतण्यासाठी असते, ही गोष्ट आम्ही पुष्कळ परिषदांत ऐकली. कोसबादला ती कंदील लावून केली गेली.

भाषेचेही तसेच. वारली मूल घरी जे बोलते ते पुस्तकातले मराठी नव्हे. त्याचा शब्द चुकीचा ठरविला की ते गप्प बसते. तोच शब्द आधी बाईंनी घेतला की ते पुढे बोलते. म्हणून शिक्षिकेला मुलांची बोली यावी, त्यांची गाणी, सण, नाच ठाऊक असावेत. आपल्या समाजात ज्यांची मुले मराठी बोलत आली आणि वर्गात मुकी झाली, त्या आईबापांना हे फोड करून सांगण्याची गरज नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. त्यानंतरही त्या कोसबादलाच होत्या. वय झाले, प्रकृती खालावली, तरी शिक्षिकांचे वर्ग, लेखन, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काम दाखविणे हे चालू होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने लहान मुलांच्या पोषणाची आणि शिक्षणाची देशव्यापी योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज भारतात अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे आहेत. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत लोक हा शब्द बोलतात, आणि तो बोर्डीच्या हरिजनवाड्यातल्या एका अंगणातून आला हे बहुतेकांना माहीत नसते. त्या केंद्रांतील सेविकांना पगार नव्हे तर मानधन मिळते, आणि त्यांचा बराच वेळ नोंदी भरण्यात जातो. शिंपल्यांची टोपली घेऊन मुलाकडे पाहत बसायला त्यांच्यापाशी किती वेळ उरतो हे त्यांनाच विचारावे.

अनुताई कोसबाद सोडून गेल्या नाहीत. ताराबाईंनंतर एकोणीस वर्षे त्यांनी ती टेकडी सांभाळली, तेथल्या कामाची हकीगत 'कोसबादच्या टेकडीवरून' या पुस्तकात लिहून ठेवली, आणि सप्टेंबर १९९२ मध्ये त्या वारल्या.